माणशी चार गोळ्या

सेपिक नदीकाठच्या त्या घरात अगाथा सागो माडाच्या गराच्या पिठाच्या पोळ्या भाजत होती आणि तिची आत्या टेरेसा तिच्या हातची पोळी नको म्हणून तोंड फिरवून बसली होती. अगाथाच्या दंडांवर गजकर्णाची वर्तुळे होती. वर्तुळात वर्तुळ, कडेला पांढुरके खवले. आत्याचे गजकर्ण पाठीवर, कपड्याखाली होते. म्हणून ते गजकर्ण नव्हते.

परिचारिकांच्या शाळेत अगाथाची निवड झाली होती. मात्र अंगावर गजकर्ण असलेली मुलगी तिथे घेत नसत.

आरोग्यकेंद्राच्या सिस्टर लीनाने तिला अठ्ठावीस गोळ्या दिल्या. "रोज एक. फक्त तू घ्यायचीस. तुमच्या घरात सात जणांना आहे, मी सातांच्या मागितल्या होत्या. आल्या एकीच्या."

परंतु त्या गावात घरात आलेली वस्तू एकट्याने खाणे हे चोरीहून हीन मानले जाई. घरातले वडीलधारे कासिमीरकाका पुडी हातात घेऊन वाटे घालू लागले.

"काका, वाटल्या तर कुणालाच गुण येणार नाही!"

"डुक्कर वाटून खाल्लं म्हणून कुणी उपाशी राहिलंय का गं?"

"आणि माझी पाठ काय मगरीची आहे?" आत्या फणकारली. "शिकायच्या आधीच सिस्टरबाई झाली ही!"

धाकट्या भावाने खाजवत खाजवत हात पुढे केला. अगाथाने त्याला गोळीसोबत प्यायला पाणी आणून दिले.

माणशी चार. आठवडाभर घरात कुणी अंग खाजवले नाही. एकदा आत्याने तिच्या हातची पोळीही घेतली, आणि ती मुलगी आनंदाने रडली. महिन्याभरात सातही अंगांवर वर्तुळे परतली.

परिचारिकांच्या शाळेच्या दारात तिथल्या बाईंनी तिची बाही वर केली, पुन्हा हलकेच खाली ओढली. "बरी होऊन ये हो, बाळ."

परतीच्या होडीत गावातल्याच बायका तिच्यापासून दूर सरकून बसल्या. जे गाव औषध इतक्या प्रेमाने वाटून घेते, त्याला बसायची फळी वाटून घेता आली नाही.

सिस्टर लीनाने पुन्हा सातांसाठी पत्र लिहिले. उत्तर आले: त्या घराला औषध पोचल्याची नोंद आहे.

"मी परत लिहीन," सिस्टर म्हणाली. "थांबायची नाही मी."

"लिहा, सिस्टर," अगाथा म्हणाली. "धाकट्यांच्या नावानं लिहा. पुढल्या वर्षी शाळेसाठी माझं वय उलटलेलं असेल."