खिडकी ताब्याच्या वेळी मिळेल

मी हॉलचा पडदा बोलतोय. जाड सुती कापडाचा, मातकट पिवळा, तळाशी वीतभर दुमड. माझ्या भाऊबंदांना बोटभर दुमड पुरते. मला वीतभर आहे, कारण माझी मालकीण कापड घ्यायला गेली तेव्हाच तिला ठाऊक होतं, की आपली घरं बदलत राहणार आणि प्रत्येक घराची खिडकी वेगळी निघणार. शिंपी म्हणाला, "बाई, एवढं कापड वाया का घालवता?" ती म्हणाली, "वाया कुठे? पुढच्या घराला लागेल."

मालकीण इस्पितळात नर्स आहे. तिला सगळे सिस्टर म्हणतात, अगदी घरमालकसुद्धा. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून तो मास्तर. त्यांना एक मुलगी. घरात चौथा मी, असं मी तरी धरून चालतो.

पहिल्या घराची खिडकी ठेंगणी होती, तिथे मी पोटाशी घडी घालून उभा राहिलो. दुसऱ्या घरात सगळी दुमड उसवली तरी घोटे उघडे राहिले. तिसरं घर इस्पितळापासून दहा मिनिटांवर. इथला मालक महिन्याकाठी "सहज" येतो, चहा घेतो आणि बोलता बोलता भिंतींवरून नजर फिरवतो. खिळा मारायचा नाही, रेघ ओढायची नाही. म्हणून मास्तर मुलीची उंची माझ्या काठावर पेन्सिलीने मांडतात. या घरात मी चार बोटं वर टांगला गेलो आणि पोरगी एका दिवसात चार बोटं खुजी झाली. ती भोकाड पसरून रडली. मास्तर म्हणाले, "अगं, तू तेवढीच आहेस. पडद्याला शिंगं फुटलीत." मला राग आला, पण पोर हसली, तेव्हा जाऊ दे म्हटलं.

भाड्याने राहणाऱ्या माणसाशी लोक कसे बोलतात, हे मी खिडकीत उभा राहून पुष्कळ ऐकलं आहे. दुखणेकऱ्याची विचारपूस करावी तसा आवाज खाली जातो. "अजून भाड्यानंच का? होईल हं, होईल काहीतरी." मास्तरांची आत्या तर दर फोनला विचारते. सिस्टर सांगते, "आत्या, आम्ही ठरवूनच भाड्यानं राहतो." आत्या म्हणते, "असं मनाला लावून घेऊ नये."

या सगळ्यांत वरचढ सिस्टरचा धाकटा भाऊ. मुलीचा मामा, म्हणून मीही मामाच म्हणतो. त्याने शहराबाहेरच्या एका संकुलात घर नोंदवलं आणि त्या दिवसापासून त्याची मान ताठ झाली. दिसेल त्याला नकाशा दाखवायचा. एकदा तो सोफ्यावर बसून म्हणाला, "भाऊजी, भाडं म्हणजे दुसऱ्याचं घर भरणं. माझ्या शेजारचं घर अजून शिल्लक आहे. बहीणभाऊ शेजारी राहू की!"

मास्तर डळमळले. मी घाबरलो. आधी स्वतःसाठी, कारण नव्या घरात जुना पडदा कोण नेतं? तिथे आमची पाठवणी फरशी पुसायला होते. मग कळलं, की गोष्ट माझ्याहून मोठी आहे. ते घर इस्पितळापासून दोन तासांवर. हप्ता भरायचा तर सिस्टरची नोकरी हवी, आणि तिथे राहायचं तर सिस्टरने ती नोकरी सोडायला हवी. ही नोकरी तिने हट्टाने मिळवली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग आहे तो. एखादं बाळ घरी गेलं, की त्या दिवशी ती मला सर्रकन बाजूला ओढते आणि सगळं घर उजेडाने भरून टाकते. ते ओढणं मला इतरांपेक्षा आधी कळतं.

तरी एका रविवारी सगळे नमुन्याचं घर बघायला निघाले. इमारतीचा अजून पायाच खणत होते, पण नमुन्याचं घर शहरात, विक्री कार्यालयात होतं. सिस्टरने मला घडी घालून पिशवीत घेतलं. मामा वैतागला, "ताई, पडदा कशाला? लाज काढतेस."

"खिडकी मापून बघते. नेहमीचंच आहे माझं."

काय घर होतं! मास्तर पलंगावर बसले तर गुडघे हनुवटीला लागले. पलंग लहान असला, की खोली मोठी दिसते. हॉलमध्ये रेशमी पडदा झुळझुळत होता आणि त्याच्या आडून कोवळा उजेड येत होता. विकणारा पोरगा म्हणाला, "दिवसभर असाच प्रकाश, मॅडम." सिस्टरने मला पिशवीतून काढलं आणि रेशमी पडदा बाजूला सारला.

मागे भिंत होती. भिंतीवर दोन ट्यूबलाइट.

मी त्या रेशमी भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. नोकरीच तशी, बिचारा करणार काय?

"खिडकी कुठे आहे?" सिस्टरने विचारलं.

"मॅडम, हा फक्त अनुभव आहे. खिडकी ताब्याच्या वेळी मिळेल."

मामा घाईने म्हणाला, "ताई, सगळंच आधी बघायचं नसतं. थोडा विश्वास ठेवावा माणसानं." सिस्टरने माझी घडी घातली. बाहेर आल्यावर ती मास्तरांना एवढंच म्हणाली, "मला उघडणारी खिडकी हवी. कुणाच्या का मालकीची असेना." मास्तर अजून गुडघे चोळत होते. ते म्हणाले, "चल, घरी जाऊ." आणि आम्ही भाड्याच्या घरी आलो.

बरीच वर्षं रखडून मामाची इमारत उभी राहिली. खिडकीही मिळाली. पण मामा शहरातल्या कामासाठी उजाडायच्या आत निघायचा आणि अंधार पडल्यावर पोचायचा, त्यामुळे आठवडाभर तिच्यातून आलेला उजेड त्याला दिसायचाच नाही. एका सोमवारी तो बॅग घेऊन आला. "ताई, आजच्या दिवस झोपतो गं. मान आखडलीय प्रवासानं." आजचा दिवस शुक्रवारपर्यंत लांबला, आणि मग दर आठवड्याचा झाला. शनिवारी तो स्वतःच्या घरी जातो, धूळ झाडतो, नळ सोडून बघतो आणि सोमवारी परत येतो. त्याची आडोशाची सोय म्हणून सिस्टरने हॉलमध्ये खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत आडवी तार बांधली आणि मला खिडकीवरून त्या तारेवर आणलं. एका बाजूला भाडेकरू, दुसऱ्या बाजूला घरमालक, मध्ये मी. खिडकीची मला आठवण येते, खोटं कशाला बोलू?

परवा आमच्या घरमालकाचा फोन आला. करार संपतोय, पुढचं विचार करून सांगतो म्हणाला. सिस्टरने शिवणाचा डबा काढला. मास्तर खोके कुठे मिळतील ते बघायला लागले. फक्त मामाने हातातला घास ताटात ठेवला.

"ताई, मालकाशी नीट बोललीस ना? हवं तर मी भेटतो. हे घर गेलं तर मी राहायचं कुठे?"

मुलगी म्हणाली, "मामा, तुझं आहे ना स्वतःचं घर?"

"अगं, ते माझं आहे. तिथे राहायचं कसं?"

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, त्याचा चेहरा इतका उतरला होता.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्यापैकी कुणी आमच्या घरमालकाच्या ओळखीचं असेल, तर त्याच्या कानावर घाला. आमची काळजी नाही, आम्ही दुसरी खिडकी शोधू. पण एक घरवाला माणूस बेघर होईल, एवढं त्याला सांगा.