मारिया इथे कोणी नाही

आमच्या डोंगरातल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आर्रिविल्यागा आम्हा किचे, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी, नर्सांना एकाच नावानं हाक मारायचे, मारिया. शहरातून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लादिनो नर्सा म्हणजे 'सेन्यो ओदिलिया', 'सेन्यो मिर्ना'; सेन्यो म्हणजे बाई, त्यांना अहोजाहो. आम्ही शिकलो त्यांच्याच शाळेत, गणवेशही तोच, पण आम्हाला अगंतुगं. आणि आम्ही ऐकून घेत होतो. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आमच्याकडे लेकराला बोलता येण्याआधीच शिकवतात.

मग तोमासा इश्कोय बदली होऊन आली, तीही आमच्यातलीच.

पहिल्याच राउंडला डॉक्टर म्हणाले, "ए मारिया, ड्रेसिंगचा ट्रे आण."

तोमासा पेशंटची उशी सारखी करत राहिली.

"बहिरी आहेस का गं?"

"कान ठणठणीत आहेत, डॉक्टर. पण मारिया इथे कोणी नाही. माझं नाव तोमासा इश्कोय."

"अगं, तुम्ही सगळ्या मारियाच!" डॉक्टर हसले. मागचे शिकाऊ डॉक्टरही हसले.

"असं होय? मग तुम्ही सगळे डॉक्टर पेपे, तूही. हा घे ट्रे, पेपे."

शिकाऊंचं हसू विरलं. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा तेवढे पोट धरून हसत होते आणि मधेच "आई गं, टाके!" म्हणून कळवळत होते.

दुपारी अधीक्षकांनी तिला बोलावलं. साक्षीला हेड नर्स ओदिलियाबाई आणि मी.

"तू डॉक्टरांना अरेतुरे केलंस?"

"केलं. तुम्ही आत्ता मला करताय तसंच."

ओदिलियाबाई कुजबुजल्या, "माफी माग आणि मोकळी हो, पोरी."

"कशाची माफी? आईनं ठेवलेलं नाव सांगितलं, त्याची?"

अधीक्षक माझ्याकडे वळले. "तू सांग. उद्धटपणा केला ना हिनं?"

 माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आधी मला 'तुम्ही' म्हणा, मग सांगते."

तोमासाला कपडे धुण्याच्या विभागात धाडलं. मला लेखी ताकीद.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी "मारिया!" म्हणून हाक मारली. कोणी वळलं नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. खरी मारिया म्हणजे आमची झाडूवाली. तीसुद्धा फरशी पुसत म्हणाली, "मला नाही बोलवत ते. मला ओळखतात कुठे?"

आठवडाभर हेच चाललं. पेशंटचं काही अडू दिलं नाही. औषधं वेळेवर, ड्रेसिंग वेळेवर. फक्त त्या नावाला उत्तर नाही. शेवटी एका सकाळी डॉक्टर माझ्यासमोर थांबले. "सेन्यो... नाव काय तुमचं?" दातांत खडा आल्यासारखा चेहरा.

"मिकाएला चाक्लान," मी सांगितलं आणि ट्रे दिला.

नर्सा कमी पडू लागल्या तेव्हा तोमासाला परत आणावंच लागलं. डॉक्टर तिच्याशी अजून बोलत नाहीत, निरोप माझ्याकडून धाडतात.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"गप्प बसू दे की त्याला," तोमासा इंजेक्शन भरत म्हणाली. "तोंड उघडेल तेव्हा 'तुम्ही' म्हणावं लागणार, हे त्याला ठाऊक आहे."