लुब्लिनमध्ये सगळं वाईट आहे

"मला झोप फार छान लागते," रायसा म्हणाली आणि रडायला लागली.

समोर ओलेस्या बसली होती. पोलंडमधल्या लुब्लिनच्या वाचनालयात वरच्या मजल्यावरची ही खोली युक्रेनहून आलेल्यांसाठी दिलेली होती. मन मोकळं करायला यायचं, ओलेस्या ऐकून घ्यायची, ती स्वतःही तिकडचीच. दारावर नुसती 'सल्ला' अशी पाटी होती, कारण आधीच्या पाटीवर 'मानसोपचार' असं लिहिलं होतं, तर कुणी फिरकलंच नव्हतं. रायसाच्या पिढीत डोक्याच्या डॉक्टरकडे एकदा नाव लागलं की ते जन्मभर चिकटायचं. म्हणून ती येताना खालून एक जाडजूड पोलिश पुस्तक काखेत मारून आणायची. कुणी ओळखीचं भेटलंच, तर वाचायला आले म्हणता यावं.

"झोप लागते, मग त्रास कसला?"

"तोच तर त्रास! तिकडे आई आणि बहीण बाँब पडायला लागले की रात्र-रात्र घरातल्या आतल्या दोन भिंतींच्या मधे बसून काढतात, आणि मी इथे घोरते. घरमालकीण सांगते, घोरते म्हणून."

युक्रेनमधल्या सुमी शहरात रायसा दवाखान्याच्या खिडकीमागे बसून केसपेपर काढायची. इथे ती हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते. थोरली बहीण तामिला मागेच राहिली, कारण आईचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं आणि तिला हलवता येत नव्हतं. "दोघींनी बसून काय करायचंय? तू जा," असं तामिला म्हणाली आणि रायसा निघाली. तामिलाला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही, हे रायसाला अजून टोचत होतं.

मग फोनवर खोटं बोलणं सुरू झालं. आधी किरकोळ, पाठ दुखते वगैरे. पुढे हात मोकळा होत गेला. खोलीच्या भिंतींना बुरशी आली. सूप इतकं पातळ झालं की कोबीचं पान शोधावं लागे. घरमालकीण बोगुस्लावाबाई बिचाऱ्या दर रविवारी सफरचंदाचा केक दाराशी ठेवायच्या. फोनवर त्या गरम पाण्याचा नळ बंद करणारी कैदाशीण झाल्या.

"आणि खरं काय आहे?" ओलेस्याने विचारलं.

रायसाने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मी पोहायला शिकतेय. म्हाताऱ्यांसाठी वर्ग असतो. पाणी कोमट असतं, पोरी. मी उताणी तरंगते आणि डोक्यात काहीसुद्धा नसतं. बाहेर आले की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते."

"तुम्ही इथे कुडकुडलात तर तिकडे गेलेली वीज परत येणार आहे का, रायसा स्तेपानिव्हना?"

"नाही येणार. पण निदान बहिणीला तोंड तरी दाखवता येईल."

"तिला एक खरी गोष्ट सांगून बघा. लहानशी. केकपासून सुरुवात करा."

त्या संध्याकाळी रायसाने केक सांगायचाच, असं ठरवून फोन लावला.

"वीज? येते की," तामिला म्हणाली. "जाते, येते. आम्ही अगदी मजेत. तू कशी आहेस?"

खोलीतला हीटर तापलेला होता आणि रायसा बिनबाह्यांच्या झग्यात बसली होती. मजेत हा शब्द ऐकला आणि तिची जीभच फिरली. "माझं काय विचारतेस! इथे हीटर बंद असतो गं. रात्री पाय गारठून जातात."

"बंद? भर जानेवारीत?" तामिलाने विचारलं. "बरं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात सुमीहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने तिला अड्ड्यावर बोलावून घेतलं.

"काकू, हे तुमचं गाठोडं. अख्खा रस्ता माझ्या मानेवर पडत होतं. सगळे इकडून तिकडे पांघरुणं पाठवतात, तुमच्याच घरची तऱ्हा उलटी!"

रायसाने दोरी सोडली. आत आईची लोकरीची रजई होती. त्या घरात अशी एकच रजई होती आणि ती आईच्या अंगावर असायची. घडीत मधाची बरणी आणि दोन जोड मोजे होते. रायसाचे कान तापले. आजूबाजूला कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं, तरी तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ती तडक वाचनालयात गेली. या वेळी काखेत पुस्तक नव्हतं.

"ही बघ. आईच्या अंगावरून ओढून घेतली मी."

ओलेस्याने रजईकडे पाहिलं आणि टेबलावरचा फोन तिच्यासमोर सरकवला. "मी बाहेर थांबते."

"नको, बस इथेच. तू गेलीस तर मी परत खोटं बोलेन."

तामिलाने फोन उचलल्याबरोबर रायसाने एका दमात सगळं ओकून टाकलं. "इथे थंडी नाही. हीटर चालू असतो. बाई देवमाणूस आहे, केक देते. मी पोहायला शिकतेय. सगळं खोटं सांगितलं मी तुला."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पोहायला? तो पोशाख घालून?"

"हो."

"या वयात! आणि मी इथे त्या बाईला उठता-बसता शिव्या घालतेय." तामिला हसली नाही. "का गं असं केलंस?"

"मला लाज वाटायची."

"तू तरी सुखात आहेस, एवढा एकच आधार होता मला. तोही तू काढून घेतलास."

"आजच्या बसने रजई परत पाठवते," रायसा कशीबशी म्हणाली.

"खबरदार! आई रोज रडायची, मी तुमच्या गळ्यातली धोंड झाले म्हणून. तू कुडकुडतेस हे ऐकलं आणि उठून बसली. रजईच्या कडा उसवल्या होत्या, त्या स्वतः शिवल्या. हाताने सुई धरली गं तिने! आता रोज विचारते, पोचली का, पोचली का. तिला यातलं काही सांगायचं नाही. कळलं?"

"पण तिला थंडी वाजत असेल."

"वाजते. माझ्याजवळ झोपते. थांब, देते तिला."

फोनमध्ये खुडबुड झाली. मग आईचा घोगरा आवाज आला. "रायसा? मिळाली का गं? पुरते ना? पाय बाहेर नाहीत ना राहत?"

खोलीत इतकं उकडत होतं की ओलेस्याने खिडकी उघडून ठेवली होती. रायसाने मांडीवरची रजई उलगडली आणि पायांवर घेतली, निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून.

"नाही गं आई," ती म्हणाली. "पाय आत आहेत."