ओल्टमान्स मंडळींची खोली

हिवाळा लागला की ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या त्या गावात माणसं आपल्याच घरात उपरी व्हायची. उतारांवर बर्फ धरला की बिछाने, दुलया, ऊन येणाऱ्या खिडक्या सगळं स्की खेळायला येणाऱ्या पाहुण्यांचं. घरच्यांनी तळघरात नाहीतर माळ्यावर पथारी टाकायची. नोटबुर्गाच्या उशीवर लहानपणापासून दर हिवाळ्यात कुणाकुणाची डोकी घासून गेली होती. वसंतात ती उशी परत हातात आली की तिला शिसारी यायची. पण घरोघरी हेच चालायचं, त्यामुळे कुणी तोंड उघडत नसे.

यंदा तिने उघडलं.

"आई, बाबांना त्या खोलीतून हलवायचं नाही."

क्रेसेंझ चादरींना इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "मग दरवर्षीच्या पाहुण्यांना, ओल्टमान्सना कुठे ठेवू? गोठ्यात?"

"जाऊ देत की खालच्या नव्या हॉटेलात. गरम पाण्याचा तलाव आहे म्हणे. डुंबतील बसून."

"जीभ आवर. ते एकदा तिकडे उतरले की गावभर होईल, क्रेसेंझकडे आता कुणी टिकत नाही म्हणून."

"आणि डॉक्टर काय म्हणाले? ओलीत ठेवलंत तर हा माणूस हिवाळा काढणार नाही म्हणाले. ऐकलंस ना?"

"एका आठवड्याचा तर प्रश्न आहे," क्रेसेंझ म्हणाली, आणि इस्त्री जरा जास्तच जोरात दाबली.

फिन्सेंझच्या छातीत खाणीतली धूळ बसली होती. शरद ऋतूपासून तो सज्ज्याच्या खोलीत उशांना टेकून बसलेला असायचा, कारण आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. वाद त्याच्या कानावर गेला, तेव्हा त्याने लेकीलाच गप्प केलं. "अगं, पाहुण्यांची खोली आहे ती. मी आपला उन्हाळ्याचा भाडेकरू." स्वतःच्या विनोदावर तो हसला आणि मग ओठ निळे पडेपर्यंत खोकला.

दोघींनी त्याला खुर्चीवर बसवून खाली नेलं. तळघरात बटाटे होते, आंबवलेल्या कोबीचं पिंप होतं आणि भिंती घामेजलेल्या. क्रेसेंझने वरची खोली व्हिनेगरने पुसली, खिडक्या सताड उघड्या टाकल्या. नवऱ्याची थुंकदाणी, मलमाच्या डब्या, लोकरी मोजे असं सगळं तिने एका टोपलीत कोंबलं. माणूस जिवंत असताना त्याला असं पुसून काढताना पाहून नोटबुर्गाला आईची किळस आली. त्याहून जास्त किळस तिला स्वतःची आली, कारण खोलीत पाऊल टाकल्यावर तिलाही वाटलं, बरं झालं, वास गेला.

वास गेला नव्हता. दुपारी हाम्बुर्गहून ओल्टमान्स नवराबायको आले. फ्राऊ ओल्टमान्स हातमोजे न काढताच खोलीत शिरल्या, दुलईचं टोक दोन बोटांनी उचललं आणि नाक मुरडलं.

"क्रेसेंझ, कसला गं हा वास?"

"लाकडाला मेण लावलंय ना, त्याचा," क्रेसेंझ म्हणाली. तिच्या तोंडात साखर घोळत होती.

"छे. इथे कुणीतरी आजारी होतं." बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो दाताचा डॉक्टर खिडकीतून शिखर बघण्यात गुंग झाल्यासारखा उभा राहिला. "खरं सांगू का, खालच्या हॉटेलातही आम्ही एक खोली धरून ठेवली आहे. म्हटलं, दोन्ही बघू आणि ठरवू. तुला राग नाही ना?"

"राग कसला? कॉफी तरी घेऊन जा."

आणि ते बसले! सफरचंदाचा स्ट्रुडेल खाल्ला, वर साय मागून घेतली. दाताच्या डॉक्टरने मिशी पुसत विचारलं, "फिन्सेंझ काय म्हणतो?" आणि उत्तर यायच्या आत घड्याळ पाहिलं. नोटबुर्गाला वाटलं, ती सायीची वाटी त्याच्या टाळूवर उपडी करावी. आई मात्र गाडीपर्यंत गोंडा घोळत गेली, बर्फात हात हलवत उभी राहिली.

नोटबुर्गा म्हणाली, "चल. आता बाबांना वर आणू."

तेवढ्यात तळघरातून हाक आली. "आले का गं? खोली आवडली?"

"आवडली!" क्रेसेंझ जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली. "खूश आहेत!"

नोटबुर्गाच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे काय केलंस?"

"मग काय सांगू त्याला? तुझ्या वासाने पळाले म्हणून?" क्रेसेंझचा दबका आवाज फुटला. "आणि मी तुला उगाच खाली नेऊन टाकलं म्हणून?"

आणि मग सुरू झाला तो ओंगळ तमाशा. जिना तळघराच्या बरोबर डोक्यावर होता, पाहुण्यांच्या बुटांचा आवाज खाली जायला हवा. क्रेसेंझने लेकीला तिचे स्कीचे बूट काढून दिले. सकाळी धाडधाड उतरायचं, दुपारी धाडधाड चढायचं. वर सज्ज्याच्या खोलीत पांढरीशुभ्र दुलई, तापलेली शेगडी आणि कुणीही नाही. खाली बापाचा खोकला दिवसेंदिवस ओला होत चाललेला. आपल्या पायांचीच घाण वाटावी, असं नोटबुर्गाला आयुष्यात पहिल्यांदा झालं.

एका दुपारी ती अर्ध्या जिन्यावर थांबली, वळली आणि ते बूट तसेच घालून खाली तळघरात गेली. पाहू दे त्याला. संपू दे एकदाचं.

फिन्सेंझने तिच्या पायांकडे पाहिलं. बूट कोरडे होते, बर्फाचा एक कणही नव्हता.

"कधी गेले?" त्याने विचारलं.

"आले त्याच दिवशी. बाबा, चला वर. मी उचलते तुम्हाला, आत्ताच्या आत्ता."

तो हलला नाही. तिचा हात हातात घेऊन श्वास गोळा करत राहिला. वर स्वयंपाकघरात क्रेसेंझची पावलं थबकल्यासारखी वाटली.

"तुझ्या आईला कळू देऊ नकोस मला कळलंय ते," तो हळूच म्हणाला. "तिला सोसायचं नाही. जा. आणि चढताना जरा जोरात पाय आपट, ओल्टमान्स जाडा आहे."