बेताच्या ठोक्यांची पेटी

मित्रांनो, मी विजेचे ठोके देणारी एक जुनी पेटी आहे. एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी बावीस वर्षे गेली. माझी गोष्ट मात्र मी एका मंगळवारपासून सांगणार आहे. तो अगदी नेहमीसारखा दिवस होता.

त्या दुपारी शस्त्रक्रियागृहातून शिरेचा तुकडा आला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत पायातली शीर काढून हृदयाला जोडतात. उरलेला तुकडा रुग्णाच्या परवानगीने आमच्याकडे येई. जोडलेली शीर पुढे काही वर्षांनी अनेकदा आतून जाड होऊन बुजते. ती बुजू नये म्हणून प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या आमच्या बाईंना तिच्या पेशींत एक उपयोगी जनुक घालायचे होते. पण पेशी सहजासहजी कुणाला आत घेत नाहीत. माझा ठोका बसला, की त्यांच्या पातळ आवरणाला क्षणभर सूक्ष्म छिद्रे पडतात. जनुक आत शिरते आणि छिद्रे पुन्हा मिटतात.

बाईंनी तुकड्याचे दोन भाग केले. एकाला आठ ठोके दिले, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवला. जनुकासोबत हिरवी चमक देणारी खूण जोडली होती. ती चमकली, की जनुक आत पोहोचले असे समजायचे; पण त्याला दोन दिवस लागतात. बाईंनी मला पुसले, चष्मा डब्यात ठेवला आणि प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांना म्हणाल्या, "गुरुवारी बघू. या वेळी तरी नाक कापू नये या पेटीनं."

त्या रात्री बाई झोपेतच गेल्या.

मी नवी होते तेव्हा माझ्या अंगात फार जोर होता. माझ्या ठोक्यांनी पेशी पटापट मरत. एकदा द्रवात हवेचा बुडबुडा राहिला, ठिणगी उडाली आणि माझा फ्यूज उडाला. बाईंनी तो स्वतः बदलला. म्हणाल्या, "अगं, लाथ मारली की दार उघडतं, पण आतला माणूस घाबरून मरतो. बेतानं घे." बेत शिकायला मला अनेक वर्षे लागली. मध्ये पडद्यावर आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आणि मी वर्षभर कपाटावर धूळ खात पडले. मग बाईंनीच मला खाली उतरवले. त्यांचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.

बाईंची लेक तेव्हा शाळा सुटल्यावर इथेच येई. कोपऱ्यात गृहपाठ करी. कंटाळली की माझ्याकडे बोट दाखवून विचारी, "आई, तुझ्या या थोरल्या लेकीचं आटपलं का?"

"आटपलंच. आता धाकटीची पाळी."

एके दिवशी शाळेत तिचा बक्षीस समारंभ होता. नेमका तेव्हाच शिरेचा तुकडा आला, आणि तो ताजा असतानाच काम उरकावे लागते. बाई गेल्या नाहीत. संध्याकाळी लेक दारात उभी राहून म्हणाली, "मला इथे यायला कधीच आवडलं नाही. तूच बस तुझ्या डब्यापाशी." बाई फक्त "बरं" म्हणाल्या. त्यानंतर लेक इथे आली नाही. पुढे दोघी खूप बोलत, फोनवर हसतही. पण त्या वाक्याचा विषय कुणीच काढला नाही.

शुक्रवारी ती आली, आईचे सामान न्यायला. चष्म्याचा डबा पिशवीत ठेवताना काकांनी तिला थांबवले.

"ताई, बाईंनी मंगळवारी ठेवलेल्या बशांतला पोषणद्रव मी रोज बदलत होतो. शिरेचे तुकडे जिवंत आहेत. अजून कुणी पाहिलं नाही. तुम्ही बघता?"

"मला काय कळणार, काका?"

"कळेल. न कळण्यासारखं नाही ते."

त्यांनी खोलीतले दिवे मालवले. आधी तिने सूक्ष्मदर्शकातून बिनठोक्यांचा तुकडा पाहिला. तो फिकट, राखेसारखा होता. मग काकांनी दुसरी बशी सरकवली. ती बराच वेळ भिंगावरून डोळा काढीना.

मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरातले माणूस दिवसभर ज्या कामापाशी असते, ते एकदा जवळ जाऊन पाहा. आणि त्याला काही सांगायचे असेल, तर ते ऐकायला ते माणूस आहे तोवर सांगा.

"हिरवं आहे," ती म्हणाली. "काका, सगळीकडे हिरवं आहे."

काकांनी मान हलवली आणि ते बाहेर गेले. दार लागल्यावर ती आईच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि हळू, पण स्पष्ट आवाजात म्हणाली,

"आई, मी खोटं बोलले होते गं. शाळा सुटली की मी इथे धावत यायचे."