वाट बंद आहे

मित्रांनो, मी एक जुनी, ऐनाच्या लाकडाची फळी आहे. रखमाजीच्या घराच्या माळ्यावर मी आडवी पडून असते. शेजारी कांद्यांची रास असते, आणि वरचेवर एक उंदीर माझ्यावरून फिरून जातो. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे : ‘वाट बंद आहे. पुढे जाऊ नये. हुकमावरून.’ माळ्यावर पडलेल्या फळीनं असा हुकूम सोडावा हे ऐकून तुम्हांला हसू येईल. खुशाल हसा. मीसुद्धा एकेकाळी फार तोऱ्यात होते.

त्या काळी भोरला संस्थान होतं. तिथं सावळाराम सुतारानं मला रंधा मारून गुळगुळीत केलं, काळा रंग दिला, वर दोन भोकं पाडली. आनंदराव नावाच्या कारकुनांनी जवळ उभं राहून अक्षरं काढून घेतली. मग बैलगाडीतून वेल्ह्याला आणि तिथून रखमाजीच्या डोक्यावरून मी घाटमाथ्यावर पोचले. तिथं उंबरनाळ नावाची पायवाट कड्यावरून खाली कोकणात उतरते. मीठ, सुकी मासळी, सासुरवाशिणी, सोयरे, सगळ्यांची ये-जा त्याच वाटेनं. रखमाजी त्या नाळेचा राखणदार. मोठं वादळ झालं की लोखंडी टोकाची काठी घेऊन त्यानं नाळ उतरायची, माती टोचून पाहायची, दरड आली असेल तर वाट बंद करायची.

पूर्वी तो वाटेवर करवंदीची काटेरी फांदी आडवी टाकत असे. काटी दिसली की वाट बंद, हे शेंबड्या पोरालाही कळे. आता काटीच्या जागी मी आले. पहिल्याच वर्षी आषाढात दरड आली आणि रखमाजीनं मला उंबराच्या फांदीला टांगलं. काय सांगू मित्रांनो! लोक थबकत. वाचता येणारा एखादा मोठ्यानं वाचून दाखवी. न येणारे रखमाजीला विचारून माघारी फिरत. आठ दिवसांत गड्यांनी दगड हलवले, वाट मोकळी झाली.

मला मात्र कुणी उतरवलं नाही.

रखमाजीचं म्हणणं असं, की हुकमानं टांगलेली फळी हुकमानंच उतरवावी. आपण हात लावला आणि उद्या वरून विचारणा झाली तर? माणूस कड्याला भीत नव्हता, पण कागदाला भीत होता. हुकूम आला नाही, आणि त्यानं तो मागितलाही नाही. भोर दोन दिवसांच्या वाटेवर, आणि शेतीची कामं का कधी संपतात?

अशी दोन वर्षं गेली. लोक माझ्याखालून ये-जा करू लागले. आधी जरा बिचकून, मग सवयीनं. मिठाचे बैल गेले, एक वरात वाजतगाजत गेली. एका गड्यानं तर माझ्यावर आपलं मुंडासं वाळत घातलं. मी ‘पुढे जाऊ नये’ म्हणत राहिले आणि जग पुढे जात राहिलं. रोज खोटं बोलायची मला लाज वाटे, पण फळीच्या हातात काय असतं?

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अवेळी वादळ आलं. दोन दिवस वारा आणि पाऊस. कापणीला आलेलं भात खाचरात झोपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप पडली. तोरण्याची धार धुतल्यासारखी स्वच्छ दिसत होती. रखमाजी काठी घेऊन नाळ तपासायला निघाला. माझ्याजवळ आल्यावर काटी तोडायला करवंदीकडे वळला, मग माझ्याकडे बघून थांबला.

“फळी हाय की टांगल्याली,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि तसाच खाली उतरला.

थोड्या वेळानं बनाबाई आली. वाडीतलीच, पन्नाशीची, काटक बाई. तिची लेक फुला नाळेखालच्या गावात दिलेली. ती दुसऱ्यांदा बाळंत झाल्याचा निरोप वादळाच्या आदल्या दिवशी मीठवाल्यानं आणला होता. फुलाच्या घरी करायला बाईमाणूस कुणी नव्हतं. इकडं वाडीतले सगळे झोपलेलं भात उचलायच्या घाईत, म्हणून बनाबाई एकटीच निघाली होती. डोक्यावर दुरडी, दुरडीत डिंक, आळीव, खोबरं आणि मऊ जुनं लुगडं.

तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मित्रांनो, त्या दिवशी मी दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलत होते. वारा असता तर फांदीवर आपटून आवाज तरी केला असता. वाराही पडला होता. ती वळणाआड गेली.

मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला. मला वाटलं, संपलं. त्या दिवसाइतकी मी स्वतःवर कधी चिडले नव्हते.

पुढचं मला नंतर ऐकून कळलं. तिसऱ्या वळणाखाली वाट वरून शाबूत दिसत होती, पण खालची माती वाहून गेली होती. रखमाजीला काठी टोचताच ते कळलं होतं आणि तो वरच्या कारवीच्या झुडपांतून दुसरी वाट निघते का ते बघत होता. तेवढ्यात बनाबाईचा पाय पडला आणि वाट खचली. दुरडी दरीत गेली. ती कारवीची मुळं धरून लोंबकळली. रखमाजीनं धावत येऊन काठी पुढे केली आणि तिला वर ओढलं.

दोघं वर आली. तिचा घोटा सुजून टम्म झाला होता. ती माझ्याखाली बसली.

“वैनी, फळी दिसली न्हाई व्हय?”

“दिसली की, भावजी. दोन वर्सं दिसतीया.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “हिच्याखालनं माजी फुला म्हायेराला येऊन गेली. आज ही खरं सांगतीया, ह्ये मानसानं वळखायचं कसं?”

रखमाजी उठला, मला फांदीवरून काढलं, वाटेत दोन दगडांवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर करवंदीच्या काट्यांचा ढीग रचला. त्या दिवसापासून एकही माणूस पुढे गेला नाही. फळी जागची हलली म्हणजे काहीतरी खरंच झालंय, असं जो तो म्हणू लागला.

खचलेली वाट बांधायला अकरा दिवस लागले. रोज सकाळी बनाबाई लंगडत येई, दगडावर बसे आणि खाली बघत राही. लांबच्या घाटानं वळसा घालायचा तर तिच्या पायात तेवढं बळ नव्हतं. खाली लेक ओली बाळंतीण, आणि मध्ये मी. दुसऱ्या दुरडीतला डिंक ती रोज नव्यानं बांधून आणी आणि रोज परत नेई.

अकराव्या दिवशी दुपारी रखमाजी खालून आला. “वाट झाली,” म्हणाला. “तीनदा उतरून चढून बगितली. आता भोरास्नं हुकूम मागवतो, मग फळी काडू.”

बनाबाई उठली. “भावजी, लेकीच्या डोक्यावर तेल घालाया हुकूम लागतोय?”

रखमाजीची मान खाली गेली. मग त्यानं स्वतःच्या हातानं काटे बाजूला केले. “काडा वैनी, तुमीच काडा.”

तिनं मला उचललं. तिचे हात खरखरीत होते आणि उन्हानं तापलेले होते. मला कडेला उंबराला टेकवून ती सावकाश, पाय जपत, नाळ उतरली. या वेळी दगडांचा आवाज आला नाही. रखमाजी मात्र ती खालच्या शेतात दिसेपर्यंत कड्यावर उभा होता. मग मला खांद्यावर घालून त्यानं घरी आणलं.

महिन्याभरानं आनंदराव फिरतीवर आले. रखमाजीनं भीत भीत सगळं सांगितलं. आनंदरावांनी चष्मा काढला. “अरे रखमाजी, टांगायला हुकूम होता. उतरवायला तुला कुणी अडवलं होतं?”

“कुणी न्हाई जी,” रखमाजी म्हणाला.

तेव्हापासून मी वर्षाकाठी चार-सहा दिवसच बाहेर जाते. वादळ झालं, वाट तुटली, की रखमाजी माळ्यावर हात घालतो. वाट दुरुस्त झाली की त्याच दिवशी मी घरी. माझा रंग उडत चालला आहे, एका कडेला वाळवी लागली आहे, पण मी टांगलेली दिसले की सगळी वाडी थांबते.

मित्रांनो, धोक्याची खूण लावणाऱ्याला सगळे शाबासकी देतात. धोका सरल्यावर ती काढायला मात्र कुणाला सवड नसते. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही कुठं ना कुठं अशी एखादी फळी टांगाल. टांगा जरूर. पण तिला तिथंच विसरू नका. तिच्याखालून एक दिवस कुणाची तरी आई चालत जाणार असते.