जो अजून उतरला नाही

समजा, तुम्ही टोकावड्याच्या शाळेत संगणकखोलीच्या दारात उभे आहात. चपला बाहेर काढा. सुदामकाका आत कुणालाच चपलांनी येऊ देत नाहीत, मुख्याध्यापिका अनिताबाईंनासुद्धा. काका पूर्वी शाळेची घंटा वाजवत. आता सहा पडदे आणि ते ज्याला जोडलेत तो एक मोठा संगणक सांभाळतात. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार.

आठवडाभर तो मोठा संगणक गोगलगाय झाला होता. बाईंचा संशय सातवीतल्या दामिनीवर होता. ती स्वतः प्रोग्राम लिहून सिद्धगडाचं चित्र काढायची.

"सोमवारपासून सातवीचा तास बंद," बाई म्हणाल्या.

"बाई, दोन दिवस द्या," काका म्हणाले. "मशीनलाच विचारतो."

संगणकाला नोंदी ठेवायला सांगता येतं. काकांनी 'ॲक्टऑन' ही आज्ञा देऊन पुढे नोंदवहीच्या फाइलचं नाव लिहिलं. आता कोणी कोणता प्रोग्राम चालवला, तो किती वेळ चालला, सगळं आपोआप टिपलं जाणार होतं.

दोन दिवसांनी काका आणि दामिनी यादी वाचायला बसले. दामिनीचं चित्र चाळीस वेळा चाललेलं, पण दरवेळी दोनच सेकंद. बाकीचेही असेच किरकोळ. मशीन मात्र अजून कण्हतच होतं.

"चोर सापडंना गो," काकांनी चष्मा पुसला.

"काका, वहीत नाव कवा लिवतंय ते?"

"प्रोग्राम संपला का."

दामिनी एकदम ताठ बसली. "मंग आमच्या आजीवानीच झालं. धोंडीबाई आजी गडाच्या पायथ्याला ऱ्हाते ना, ती गडावरून उतरलेल्यांची नावं लिवते. वहीत नाव नाय, तो मानूस अजून वरच."

काकांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हंजे जो संपलाच नाय..."

"त्याचं नाव कसं येल?"

काकांनी अजून चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. सगळ्यात वर एक घड्याळ होतं, पडद्यावर फुलं उधळणारं. ते बंद करताच नोंदवहीत नवी ओळ उमटली: अनिताबाई, नऊ दिवस. मशीन पुन्हा पळू लागलं.

बाईंना बोलावलं. त्यांनी ओळ दोनदा वाचली.

"अगं बाई, ते फुलांचं मीच लावलं होतं. पडदा बंद केला की तेही बंद होतं, असं मला वाटलं."

"बाई, तुमचा तास बंद करायचा का?" काकांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

बाई इतक्या हसल्या की पाचवीची पोरं खिडकीत गोळा झाली. "सातवीचा तास चालू राहील," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि माझी शिकवणी दामिनी घेईल."

त्या गेल्यावर काकांनी पुन्हा 'ॲक्टऑन' लिहिलं, पण या वेळी पुढे 'ऑफ'.

"बंद कशाला केलं? ऱ्हाऊ द्या की," दामिनी म्हणाली.

"शोधायचं व्हतं ते घावलं. पोरं काय करतात ते रोज कशाला लिवायचं? करू दे त्यांना."

दामिनीने खुर्ची पुढे ओढून सिद्धगड पुन्हा काढला आणि या वेळी अगदी माथ्यावर एक ठिपका ठेवला.

"ह्यो कोन?"

"तुमी. मार्चनंतर बी वरच," ती म्हणाली, आणि ठिपक्याला चष्मा काढू लागली.